एक ट्रेक, रेकीपासून रिपोर्टपर्यंत: हौशी क्लब चालवणाऱ्यांसाठी

नऊ वर्षांपूर्वी आमच्या क्लबच्या महिन्याच्या पत्रकात मी एका ट्रेकपुढे "सोपा" एवढंच लिहिलं होतं. वाट तशी सोपीच होती, चढ कमी, अंतर कमी, मी स्वतः तिथं तीनदा जाऊन आलेली. पण मधे साठ-सत्तर पावलांची एक आडवी वाट आहे, एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला नुसती हवा, आणि मला दृष्टिभय, म्हणजे खोल दरी बघून वाटणारी भीती, नाही म्हणून ते लिहावं हे डोक्यातच आलं नाही. चौतीस जण आले. त्यातल्या एक काकू बरोबर मधोमध जाऊन खाली बसल्या आणि म्हणाल्या, मी आता पुढेही येत नाही आणि मागेही जात नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं हो, त्यांनी "सोपा" वाचून नाव दिलेलं. पुढे पंधरा जण, मागे अठरा, आणि दोन तास सगळे जागच्या जागी.

तेव्हापासून मी बघत आलेय, आमच्या ज्या ज्या ट्रेकची वाट लागली त्यातल्या बहुतेकांचं मूळ आठ दिवस आधी पाठवलेल्या घोषणेत सापडतं. क्लबच्या बातम्या लिहिणारा एक आणि ट्रेक नेणारा दुसरा, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही असं चाललं की घोळ ठरलेला. म्हणून हा लेख एका ट्रेकच्या अंगाने लिहितेय: तो ठरतो कसा, छापतात कसा, नेतात कसा, आणि परत आल्यावर काय करायचं. पगारी माणूस एकही नाही, सगळे नोकरी-घर सांभाळून करणारे, असं धरूनच.

आधी कॅलेंडर आणि माणसं

तीन महिन्यांचं कॅलेंडर एकदम करा. वर्षाचं करू नका, कुणाची बदली होते, कुणाची परीक्षा असते, मग सगळं बदलत बसावं लागतं. महिन्याचं पण नको, कारण मग लीडरला रेकीला, म्हणजे वाट आधी चालून बघायला, वेळच मिळत नाही. तीन महिने बरोबर बसतात.

कॅलेंडर भरताना एक सवय लावा, आधी लीडरचं नाव आणि मग डोंगराचं. उलटं केलं की "हा ट्रेक कोण नेणार" म्हणून शेवटच्या आठवड्यात भीक मागावी लागते आणि मग जो भिडेखातर हो म्हणतो तो ती वाट कधी चाललेलाच नसतो. प्रत्येक ट्रेकला चार नावं लागतात: लीडर, मागे राहणारा म्हणजे स्वीप, नावनोंदणी बघणारा, आणि चौथा जो ट्रेकला येतच नाही, घरी बसतो. या चौथ्याबद्दल खाली सांगते, सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचं काम त्याचं.

कॅलेंडरमधे सगळेच ट्रेक दणदणीत असतील तर नवे लोक येत नाहीत आणि सगळेच सोपे असतील तर जुने लोक कंटाळून आपापले जायला लागतात. आम्ही चारात दोन सोपे, एक मध्यम, एक अवघड असं ठेवतो. आणि तीन महिन्यांत एक दिवस वाट दुरुस्तीचा, त्यालाही ट्रेकइतकाच मान द्यायचा.

रेकी म्हणजे सहल नाही

ट्रेकच्या आधी दोन-तीन आठवड्यांच्या आत लीडर आणि स्वीप दोघांनी ती वाट चालून यायचं. मागच्या वर्षी गेलो होतो हे चालत नाही. एका पावसाळ्यात दरड येते, पायवाट वाहून जाते, पाण्याचं टाकं आटतं, कुणीतरी कुंपण घालतं. रेकीला जाताना मोबाइलवर ट्रॅक रेकॉर्ड करा आणि त्याची जीपीएक्स फाइल, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, ठेवा, पण त्या फाइलवर विसंबू नका. मी वहीत या गोष्टी लिहिते: वाट फुटते ती प्रत्येक जागा आणि तिथली खूण, पाणी कुठं आणि किती, दृष्टिभय कुठं, घसारा म्हणजे पाय घसरणारी सुटी माती-खडी कुठं, मोबाइलला रेंज कुठं आहे आणि कुठं नाही, आणि मधेच खाली उतरायची वेळ आली तर कुठून उतरता येईल. शेवटचं फार लोक विसरतात. निम्म्यात कुणाचा पाय मुरगळला तर पुढे जायचं की मागे फिरायचं हे त्या क्षणी ठरवायला गेलं की भांडणं होतात, रेकीत ठरवलं की होत नाहीत.

वाट फुटते तिथं पुढे गेल्यावर मागे वळून बघा आणि मागचा फोटो काढा. येताना तीच जागा एकदम परकी दिसते. नवखे लीडर चुकतात ते बहुतेक परतीच्या वाटेवरच.

आणि परवानगी, प्रवेशाच्या वेळा, खासगी जमिनीतून जाणारी वाट, हे सगळं रेकीलाच विचारून या, त्या दिवशी चाळीस जण मागे उभे करून विचारायचं नसतं. ज्याच्या शेतातून वाट जाते त्याच्याशी दोन मिनिटं बोललात की पुढची दहा वर्षं वाट उघडी राहते.

वेळेचं गणित

इथं लोक सगळ्यात जास्त फेकतात. "तीन तासात होतो" असं म्हणणारा माणूस एकटा, पंचविशीचा आणि रिकाम्या सॅकने गेलेला असतो.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशोब मांडला, आजही चालतो. सपाटीला ताशी ५ किमी, आणि चढाच्या दर ६०० मीटरला एक तास जादा. समजा एकूण अंतर १२ किमी आणि एकूण चढ ९०० मीटर. अंतराचे २ तास २४ मिनिटं, चढाचा दीड तास, झाले ३ तास ५४ मिनिटं. नेस्मिथने उतार धरलाच नव्हता. नंतर एरिक लँगम्युर यांनी त्यात भर घातली, तीव्र उतार असेल तर दर ३०० मीटर उतरायला १० मिनिटं जादा धरायची. आपला ९०० मीटर उतार तीव्र आहे असं धरलं तर अजून अर्धा तास, म्हणजे ४ तास २४ मिनिटं.

आता हा आकडा थांबे न धरता, आणि सराव असलेल्या माणसाचा आहे. वीस-पंचवीस जणांच्या मिश्र ग्रुपला आम्ही सरळ दीडपट करतो, म्हणजे ६ तास ३६ मिनिटं, त्यात जेवणाची पाऊण तास सुट्टी, झाले ७ तास २१ मिनिटं. सकाळी सातला निघालो तर अडीचला खाली. सूर्यास्तापर्यंत हातात निदान दोन तास शिल्लक राहतात का बघायचं, राहत नसतील तर एकतर लवकर निघा नाहीतर ट्रेक छोटा करा. दीडपट हा काही कुणी सिद्ध केलेला नियम नाही, आमच्या क्लबचा अनुभव आहे, तुमचा ग्रुप चार-पाच ट्रेक मोजून बघा आणि तुमचा गुणक काढा.

एकूण चढ म्हणजे पायथा आणि माथा यातला फरक नव्हे. मधे दोनदा खिंडीत उतरून परत चढायचं असेल तर ते चढ मोजायचे. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या ओळी, मोजा, ओळींमधलं अंतर किती मीटरचं आहे ते नकाशाच्या कोपऱ्यात दिलेलं असतं. मोबाइल ॲप जो चढ दाखवतं तो बऱ्याचदा जास्तीचा असतो, कारण जीपीएसची उंची वरखाली उड्या मारत असते आणि ॲप त्या सगळ्या उड्या बेरजेत धरतं.

श्रेणी ठरवताना

सोपा, मध्यम, अवघड हे शब्द ज्याचे त्याचे असतात. स्विस अल्पाइन क्लबने त्यावर तोडगा म्हणून टी१ ते टी६ अशी सहा पायऱ्यांची श्रेणी केली. त्यात पहिली पायरी म्हणजे नीट मळलेली, पडायची भीती नसलेली वाट, आणि सहावी म्हणजे हातपाय वापरून जायचं खडकाळ आणि जोखमीचं काम. त्यात मला आवडलेली गोष्ट अशी की ती श्रेणी दम किती लागेल हे सांगतच नाही, फक्त वाट किती अवघड ते सांगते.

हेच आपण उचलायचं. दोन वेगळे आकडे द्या: एक दमाचा, एक वाटेचा. एखादा ट्रेक लांबलचक पण गाडीरस्त्यासारखा असतो, दम ४ आणि वाट १. माझा तो "सोपा" ट्रेक होता दम १ आणि वाट ३. हे तेव्हा लिहिलं असतं तर काकू आल्याच नसत्या, किंवा आल्या असत्या तर तयारीने आल्या असत्या. १ ते ५ पुरेत. आणि प्रत्येक आकड्याला तुमच्या क्लबचा एक माहितीचा ट्रेक जोडा, म्हणजे "वाट ३ म्हणजे आपण गेलो होतो त्या घळीसारखी" असं सांगता येतं. आकड्यापेक्षा ते पटकन कळतं.

घोषणा

आता मुख्य गोष्ट. लोक मोबाइलवर वाचतात, बसमधे वाचतात, अर्धवट वाचतात. पहिल्या चार ओळीत वार, वेळ, जागा, दम-वाट आलं पाहिजे. सूर्योदयाचं वर्णन, डोंगराचा इतिहास, हे सगळं खाली. मी लिहायला बसते तेव्हा समोर एक माणूस धरते: पहिल्यांदा येणारा, घाबरत घाबरत, कुणाला ओळखत नसलेला. त्याला जे विचारायची लाज वाटेल ते सगळं लिहून टाकायचं, संडासाची सोय आहे का इथपासून.

आमचा नमुना साधारण असा असतो:

"रविवार, सकाळी ६.३० ला पायथ्याच्या वाहनतळावर हजर, ७ ला चालायला सुरुवात. ७ नंतर आलेल्यांसाठी थांबणार नाही. अंतर १२ किमी, एकूण चढ ९०० मीटर, खाली यायला दुपारचे अडीच-तीन. दम ३, वाट २. माथ्याच्या खाली शंभर मीटर घसाऱ्याची उभी वाट आहे, उतरताना तिथं सगळ्यांना वेळ लागतो. दृष्टिभयाची जागा नाही. वाटेत पाणी नाही, प्रत्येकी किमान ३ लिटर. सावली पहिला एक तास, पुढे नाही. पायथ्याला स्वच्छतागृह आहे, वर नाही. तळाला खाचा असलेले बूट हवेत, गुळगुळीत तळाच्या बुटांना परत पाठवणार. कमाल २० जण. सलग दोन तास जिना किंवा चढ चालायची सवय नसेल तर पुढच्या महिन्यातला दम १ चा ट्रेक करा, तोही छान आहे. हवा बिघडली तर शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत रद्द झाल्याचं कळवू."

बघा, यात "थरारक", "अविस्मरणीय" असं काही नाही. असे शब्द टाकले की चुकीची माणसं येतात. आणि "परत पाठवणार" लिहिलं असेल तर खरंच परत पाठवायचं, एकदा पाठवलं की पुढच्या वेळी सगळे बूट बघूनच येतात. मला स्वतःला हे जमायला दोन वर्षं लागली, माणूस पहाटे चारला उठून आलेला असतो, जिवावर येतं.

रद्द करायची वेळ आणि पद्धत आधीच छापा. नाहीतर शनिवारी रात्री ग्रुपवर शंभर मेसेज, "नक्की आहे ना?" आणि खरा मेसेज त्यात बुडतो. बातम्यांचा ग्रुप आणि गप्पांचा ग्रुप वेगळा ठेवा, बातम्यांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं सेटिंग करा.

नावनोंदणी आणि घरी बसलेला माणूस

फॉर्ममधे नाव, मोबाइल, घरचा एक संपर्क, आणि आजार-औषधं-ॲलर्जी. बस. जन्मतारीख, पत्ता, नोकरी कशाला हवं? जेवढी माहिती जमवाल तेवढी सांभाळायची जबाबदारी. आजारांचा रकाना फक्त लीडर आणि स्वीपने बघायचा, शीट सगळ्या ग्रुपला उघडी ठेवू नका. ट्रेक सुखरूप झाला की ती काढून टाकायची.

वीस जागा असतील तर वीसवर थांबा आणि प्रतीक्षा यादी ठेवा. नाव देऊन न येणारे सगळ्या क्लबांची डोकेदुखी, त्यावर आमचा उपाय साधा आहे, न कळवता दोनदा गैरहजर तर पुढच्या दोन ट्रेकला नाव प्रतीक्षा यादीत. ओरडायचं नाही, फक्त नियम.

आता तो चौथा माणूस. ट्रेकला न येणारा, घरी फोन चालू ठेवून बसणारा. त्याच्याकडे यादी, वाटेचा नकाशा, गाड्यांचे नंबर, निघायची वेळ, आणि दोन वेळा लिहून द्यायच्या: एक, कधीपर्यंत "खाली आलो" मेसेज यायला हवा, आणि दोन, किती वाजेपर्यंत आला नाही तर बचाव पथकाला फोन करायचा. दुसरी वेळ ठाम हवी. "थोडं थांबून बघ" असं सांगितलं तर तो बिचारा रात्री दहापर्यंत थांबून बघतो. आणि लीडरने खाली आल्यावर पहिलं काम हा मेसेज, चहा नंतर. आमच्याकडे एकदा सगळे मजेत गप्पा मारत बसले आणि घरी बसलेल्याने ठरल्या वेळी फोन लावला सुद्धा. त्याला कुणी बोल लावला नाही, उलट पुढच्या पत्रकात त्याचं कौतुक छापलं.

ट्रेकचा दिवस

निघण्यापूर्वी पाच मिनिटं गोल करून उभे राहा. लीडर कोण, स्वीप कोण, लीडरच्या पुढे आणि स्वीपच्या मागे कुणी जायचं नाही, वाट फुटेल तिथं थांबायचं, आडोशाला जायचं असेल तर सॅक वाटेवर ठेवून आणि शेजारच्याला सांगून जायचं. हे सॅकवालं फार कामाचं आहे. स्वीप येतो, सॅक दिसते, थांबतो. सॅक नसेल तर तो निघून जातो आणि माणूस मागे एकटा.

मोजणी आकडा बोलून करा, नजरेने नको. प्रत्येकाला एक नंबर द्या आणि प्रत्येक थांब्यावर एकापासून म्हणायला लावा, पोरकट वाटतं पण पंधरा सेकंदात काम होतं आणि कुठला नंबर गायब ते लगेच कळतं.

वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. आणि थांब्यावर जी चूक सगळे करतात ती टाळा: पुढचे दहा मिनिटं बसलेले असतात, मागचा धापा टाकत पोचतो आणि त्याच क्षणी पुढचे उठतात, "चला". म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. थांबा स्वीप पोचल्यावर सुरू होतो असं धरायचं.

परत फिरायची वेळ घड्याळात ठरवा, जागेत नको. "माथा गाठून फिरू" नव्हे, "अकराला जिथं असू तिथून फिरू." नॉर्वेमधे १८६८ सालापासून पर्यटक संघ आहे, हजारो स्वयंसेवक वाटा आणि झोपड्या सांभाळतात, दगडांवर लाल रंगात टी काढून वाटा दाखवतात. त्यांच्या डोंगर-नियमांत वेळेत मागे फिरा, त्यात लाज काही नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण हे तोंडी सगळे म्हणतो, पण रिपोर्टमधे मात्र "दुर्दैवाने माथा गाठता आला नाही" असं छापतो. दुर्दैव कसलं त्यात? "हवा बघून अकराला फिरलो" असं सरळ लिहा, नव्या लीडरला त्याने बळ येतं.

काही बिघडलं तर

सगळं प्रथमोपचार इथं सांगत नाही, त्यासाठी क्लबने वर्षातून एकदा शिबिर घ्यावं आणि प्रत्येक लीडरने ते करावंच. पण काही गोष्टी घोषणेत आणि सुरुवातीच्या पाच मिनिटांत सांगता येतात.

शिट्टी प्रत्येकाकडे हवी. मदतीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, मग परत सहा. उत्तर देणाऱ्याने मिनिटात तीन. रात्री हेच टॉर्चने. ओरडून घसा जातो, शिट्टी लांब जाते.

चुकलात असं वाटलं की थांबा. बसा. पाणी प्या. शेवटची ओळखीची जागा कुठली ते आठवा आणि तिथपर्यंत मागे जा, पुढे शोधत जाऊ नका, आणि ओढ्याच्या कडेने खाली उतरत जाऊ नका, ओढे कड्यावरून खाली पडतात.

विजा: चमक आणि गडगडाट यात सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आलं तर वीज जवळ आहे, माथा आणि सोंड सोडून खाली या, एकट्या झाडाखाली नको, आणि एकमेकांपासून लांब लांब राहा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही.

ऊन: ज्याचं बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, चालताना झोकांड्या जायला लागल्या, तो नुसता दमलेला नाही. उष्माघाताची शंका आली की सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, आणि लगेच मदत बोलवा. ते चालू असताना "जरा बसू दे, होईल बरं" हे वाक्य कुणी उच्चारायचं नाही. उलट बाजूही आहे, तासन्तास नुसतं पाणीच पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरून तब्येत बिघडते, म्हणून मधे मधे खारट काहीतरी खात राहायचं. ओआरएसची पाकिटं प्रथमोपचाराच्या डब्यात हवीतच, नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने नको.

थंडीचं विसरतात लोक. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, वर वारा आणि घामाने भिजलेला शर्ट. माथ्यावर पोचल्या पोचल्या आधी जाकीट, मग फोटो.

मोबाइल: नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि फोन एअरप्लेन मोडवर, रेंज शोधण्यात बॅटरी सगळ्यात जास्त जाते. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर इमर्जन्सी कॉल लागू शकतो, ११२ बऱ्याच देशांत चालतो, जिथं जाताय तिथला नंबर आधी बघून घोषणेत छापा. टॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही प्रत्येकाकडे हवी, मोबाइलची नव्हे, वेगळी. अमेरिकेतल्या सिॲटलच्या माउंटेनिअर्स क्लबने १९३० च्या दशकातच आपल्या शिकाऊ लोकांसाठी दहा आवश्यक वस्तूंची यादी केली होती आणि टॉर्च तेव्हापासून त्यात आहे.

परत आल्यावर

रिपोर्ट ४८ तासांत. नंतर कुणी लिहीत नाही आणि लिहिला तरी सगळं गोड गोड आठवतं. लीडरने दहा ओळी पाठवायच्या, पत्रकवाल्याने त्या नीट करायच्या. किती जण, किती वाजता कुठं, घोषणेत छापलेल्या वेळेपेक्षा किती फरक पडला, वाटेत काय बदललं, पाणी होतं का. वेळेतला फरक मुद्दाम लिहा, त्यानेच तुमचा तो दीडपटीचा गुणक सुधारत जातो.

आणि थोडक्यात वाचलेल्या गोष्टी. दगड घरंगळत आला पण कुणाला लागला नाही, एक जण वीस मिनिटं चुकला पण सापडला. लोक हे लपवतात, लीडरची बदनामी होईल म्हणून. नाव न घालता छापा. "घसाऱ्याच्या टप्प्यात वरच्यांनी सोडलेला दगड खालच्यांपासून हातभर अंतरावरून गेला, पुढच्या वेळी तिथं एकेकाने उतरायचं." पुढचा लीडर हे वाचतो आणि वागतो, मी पाहिलंय. गंभीर काही झालं असेल तर मात्र आधी त्या माणसाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोला, पत्रक थांबू शकतं.

फोटो पाच. दोनशे नको, दोनशे कुणी बघत नाही. सुरुवातीच्या पाच मिनिटांतच विचारून घ्या कुणाला फोटोत यायचं नाही ते, लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नाही. आणि एखाद्या नाजूक जागेचा, घरट्याचा, दुर्मिळ फुलांच्या पठाराचा नेमका पत्ता छापू नका. दोन आठवड्यांत ती जागा तुडवली जाते आणि आपणच तुडवायला पाठवलेलं असतं.

पत्रकात अजून काय

वाट दुरुस्तीच्या दिवसाची बातमी ट्रेकच्या वर छापा. हे काम दिसत नाही म्हणून लोक येत नाहीत, तर दाखवा: आधीचा फोटो, नंतरचा फोटो, किती मीटर वाट साफ केली. काम काही फार अवघड नसतं, वाटेवर आलेली झुडपं छाटणं, पावसाचं पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून तिरके चर काढणं, घसरलेल्या जागी दगडांच्या पायऱ्या बसवणं. चर काढला नाही की पाणी वाटेवरूनच धावतं, वाटेचा ओढा होतो, लोक कडेने चालतात, वाट रुंद होते, परत पाणी. चिखल असला तरी मधून चाला, कडेने नको, हे पण दर पावसाळ्यात एकदा छापावं लागतं. आणि शौचाचं, सांगायला लाज वाटली तरी: पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर म्हणजे पंधरा ते वीस सेंटीमीटर खड्डा, माती परत, कागद पिशवीत घालून घरी.

पैशांचा हिशोब दर महिन्याला तीन ओळीत. किती आले, कशावर गेले, किती शिल्लक. कुणी विचारत नसतानाच छापायचा, विचारायची वेळ आली म्हणजे संशय आधीच सुरू झालेला असतो.

स्वयंसेवकांबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण याच्यावर क्लब बंद पडलेले पाहिलेत. काम लहान आणि मुदतीचं करून मागा. "पत्रक सांभाळशील का?" याला कुणी हो म्हणत नाही. "पुढच्या तीन अंकांसाठी फक्त ट्रेकच्या वेळा तपासून देशील का, महिन्याला अर्धा तास?" याला दोघं-तिघं हो म्हणतात. आणि मुदत संपली की खरंच सोडा त्यांना, आभार मानून. निम्मे परत येतात. प्रत्येक कामाची एक पानाची टाचण लिहून ठेवा, पासवर्ड दोघांकडे असू दे, कारण एकाच माणसाच्या डोक्यात सगळं असलं आणि तो आजारी पडला की क्लब आजारी पडतो. आमच्याकडे मी तापाने झोपले तेव्हा ग्रुपवर घोषणा टाकता येईल असा दुसरा ॲडमिनच नव्हता, शनिवारी ट्रेक रद्द झाला आणि रविवारी सकाळी अकरा जण पायथ्याला हजर.

नवा लीडर तयार करायचा तर आधी दोन ट्रेकला स्वीप, मग एका ट्रेकला जुन्या लीडरला मागे ठेवून त्याने पुढे. त्याला रेकीची वही द्या, जीपीएक्स फाइल नंतर द्या.

पत्रकाची शेवटची चौकट हरवलं-सापडलंची ठेवा. एक निळी बाटली, डाव्या हाताचा एक मोजा, चष्म्याचं कव्हर. आमच्या पत्रकात सगळ्यात जास्त वाचली जाते ती हीच चौकट, म्हणून मी पुढच्या ट्रेकची तारीख आता तिच्या खालीच छापते.